ऊसतोडीच्या गावातली संगणक खोली : प्रकल्प नोंदी, मे ते डिसेंबर २०२५

१८ मे, रविवार. पुणे

आज टेम्पो आला. एका कंपनीने वापरातून काढलेले १८ डेस्कटॉप आणि १६ मॉनिटर आमच्या गटाला दिले, गावातल्या शाळेच्या संगणक खोलीसाठी. सहाव्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० ला अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबरला संपतेय. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे धडधाकट मशिनं ऑफिसांमधून बाहेर पडायला लागली आहेत. आपल्याला ती सोन्यासारखी.

उघडून बघितली तर एकातही हार्डडिस्क नाही. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने सगळ्या काढून ठेवल्या. ते रास्तच आहे, फक्त आधी कळवायला हवं होतं. दुसरी अडचण जास्त त्रासाची. मॉनिटर जुन्या व्हीजीए पिनचे आणि मशिनांना मागे नुसतं एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, म्हणजे प्रत्येक जोडीला कन्व्हर्टर आला. दोन मॉनिटरवर आडव्या रेघा येतात. तीन मशिनं सुरूच होत नाहीत, एकाचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेलाय, दोघांचे मदरबोर्ड. देणगीच्या पत्रावर १८ लिहिलंय, आपल्या वहीत १४ जोड्या लिहायच्या आणि एक मशिन सुट्टं.

हार्डडिस्कच्या जागी १२८ जीबीच्या १५ एसएसडी, १,१५० रुपयांप्रमाणे १७,२५०. कन्व्हर्टर १४, ३२० प्रमाणे ४,४८०. फुकट मिळालेल्या मशिनांवर पुणं सोडायच्या आधीच २१,७३० रुपये. तक्रार म्हणून लिहीत नाहीये. पुढच्या वेळी कुणी ‘संगणक देतो’ म्हटलं की लगेच विचारायचं, डिस्क आहे का आणि मागे पोर्ट कोणतं.

२५ मे, रविवार. पुणे

एका मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती नीट बसवली आणि क्लोनझिलाने तिची प्रत बाकीच्या सगळ्यांवर उतरवली. सकाळी नऊला बसलो, दुपारी तीनला १५ मशिनं तयार. मराठी इंटरफेस, मुक्त फॉन्ट, लिबरऑफिस, लहानांसाठी खेळांचं जीकॉम्प्री आणि चित्रांचं टक्सपेंट. किविक्सवर मराठी विकिपीडिया, इंटरनेट नसतानाही चालणारा.

गटात वाद झाला. दोघांचं म्हणणं, नोकरीत विंडोज लागतं तर तेच शिकवा. माझं मत वहीत राहू दे. पाचवी ते आठवीच्या मुलांना नोकरीचं शिकवायचं नाहीये. पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसपायी खोली बंद पडू नये आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहावेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एमएस-सीआयटी करायचं वय पुढे येणारच आहे. मी स्वतः ते अकरावीनंतर तालुक्याला केलं, आणि त्याआधी कीबोर्डला हात लावलेला नव्हता.

१५ जून, रविवार. शिरूर कासार तालुका, बीड

पहाटे निघून अहिल्यानगर, पाथर्डीमार्गे दुपारी गावात. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. उद्यापासून वर्ग सुरू. हे माझं गाव नाही, शेजारचं. पण फरक काही नाही. इथलंही निम्मं गाव दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातं. माझे आईवडील १४ हंगाम गेले. तिसरीत आणि पाचवीत मीही त्यांच्याबरोबर होतो.

मुख्याध्यापकांनी जी खोली दिली तिच्या बाहेर आधीच एक संगमरवरी पाटी आहे, ‘संगणक कक्ष’. आत सहा संगणक. कुणीतरी पूर्वी दिलेले. प्लास्टिकची कव्हरं इतकी कोरी, की खाली कुणी कधी बसलं असेल असं वाटेना. गुरुजी म्हणाले, ‘वर्षभर चालले, मग एकेक बंद पडत गेले. कुणाला सांगायचं ते ठाऊक नव्हतं.’

मी एक चालू केला. पंखा फिरला, पडद्यावर काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, तारीख चुकली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. बस्स, एवढंच. आतला सीआर २०३२ सेल संपला की मशिन तारीख विसरतं आणि प्रत्येक वेळी तिथे येऊन थांबतं. गुरुजींना वाटलं बिघडलं. सेल २५ रुपयांचा. सहापैकी चार संगणक तेवढ्यानेच उठले. त्यांनी वरून कव्हर घातलं आणि कुलूप लावलं, यात त्यांची चूक मला दिसत नाही. देणाऱ्याने पाटी लावली तेव्हा एक फोन नंबरही लावायला हवा होता, आणि तो उचलायला हवा होता.

मशिनच्या डब्याला टेस्टर लावला तर पेटला. अर्थिंगच नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट. मुलांचे हात इथे लागणार होते. गावातल्या वायरमनने तासाभरात माणसं गोळा केली. शाळेच्या मागे आठ फूट खड्डा, त्यात जीआय पाइप, मग कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, वरून पाणी. संध्याकाळी मोजलं तर २ व्होल्ट. वायरमनने मजुरी घेतली नाही. म्हणाला, पोरगी पाचवीला आहे माझी.

वीज दिवसा कधी असेल याचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या. एक संगणक आणि मॉनिटर मिळून ५५ वॉटच्या आसपास खातात. दहा चालवले तर तीन तास निघतील, चौदा चालवले तर नाही. म्हणून दहा मांडायचे आणि चार गाठीशी.

२८ जून, शनिवार

पाचवी ते आठवी मिळून ६१ मुलं, त्यात २८ मुली. तीन तुकड्या, एका मशिनवर दोघं, एकेक तास. आज पहिला दिवस.

लिहून ठेवण्याजोगी एकच गोष्ट. जिथे मुलगा-मुलगी शेजारी होते तिथे माऊस मुलाच्या हातात होता आणि मुलगी बघत होती. कुणी दटावलं नव्हतं, आपोआप झालं ते. तासाच्या शेवटी मी विचारलं, कुणी-कुणी चित्र काढलं? सगळ्यांनी हात वर केले. मग विचारलं, माऊस कुणाच्या हातात होता? तेव्हा निम्मे हात खाली गेले.

त्यामुळे हजेरीच्या वहीत आजपासून दुसरा रकाना. हजेरी नव्हे, ‘हाताचे तास’. कीबोर्ड-माऊस स्वतःच्या हातात होता तेवढीच मिनिटं लिहायची. पंधरा मिनिटांनी घंटा, घंटा झाली की खुर्च्या बदलायच्या. देणगीदारांना सांगायचं ते हेच. ‘६१ मुलांना लाभ’ असं लिहिणार नाही. एका मुलाला आठवड्याला ३० मिनिटं मिळाली, हे खरं आहे आणि ते कमी आहे.

मुलांची नावं या नोंदींमध्ये येणार नाहीत. वहीतला क्रमांक लिहायचा.

१२ जुलै, शनिवार

आज कीबोर्ड. मराठी कसं टाइप करायचं यावर पुण्यात दोन रविवार गेले. एका बाजूचं म्हणणं, फोनवर करतात तसं रोमन अक्षरांतून मराठी, ‘aai’ लिहिलं की आई. पण पाचवीतल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगची धास्ती असते. आईच्या नावासाठी त्याला आधी परक्या लिपीतून जायला लावणं मला पटत नाही. इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डची देवनागरी मांडणी, १९९१ च्या भारतीय मानकात आहे, प्रत्येक संगणकात फुकट येतं, आणि मराठी जशी बोलतो तसंच बोटांनी टाइप होतं. आधी व्यंजन, मग मात्रा.

स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या. म, न, व तेवढे खालच्या ओळीत डावीकडे. कीबोर्डवर देवनागरी स्टिकर चिकटवले आहेत. मी फळ्यावर ‘कोयता’ लिहिलं. सातवीतली एक मुलगी, क्रमांक २३, पुढे येऊन बसली. उजव्या हाताने क. थांबली. डाव्या करंगळीने ओकार. पडद्यावर ‘को’ झालं. मग य शोधायला वेळ लागला, तो थेट उजव्या टोकाला, शिफ्टच्या शेजारी. मग त, मग डावीकडून काना. पाच कळा. पुसून पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना तिने फळ्याकडे बघितलं नाही. चौथ्यांदा स्टिकरकडेही नाही.

अडलं ते ‘दुसऱ्या’ला. साधा र घेऊन पाय मोडला आणि य जोडला की रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. मुलं म्हणाली, हे चुकलंय. खरंच चुकलेलं होतं. त्यासाठी शिफ्ट धरून दुसरा ऱ घ्यायचा असतो. फोनवर मराठी लिहिणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना हे माहीत नाही, आठवीतल्या तिघांना आज कळलं.

मुलं आपापली शिकतात, यंत्र द्या आणि बाजूला व्हा, असं एक मत आहे. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा या संशोधकाने वस्तीतल्या मुलांसाठी भिंतीत संगणक बसवला होता, तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा ऐकतो. क्लिक करायला मुलं आपापली शिकतात, हे मीही पाहिलंय. पण तो दुसरा ऱ दाखवायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आपल्याकडे रायगडच्या कर्जत तालुक्यात खैराटच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ओएलपीसीचे, म्हणजे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे, हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, तो भारतातला त्यांचा पहिला प्रयोग. तिथे मुलांबरोबर रोज बसणारे गुरुजी होते. त्या प्रयोगाची आठवण काढताना लोक लॅपटॉपची किंमत सांगतात, गुरुजींबद्दल फारसं बोलत नाहीत.

२ ऑगस्ट, शनिवार

आजपासून ताई आल्या. गावातल्याच सूनबाई, बीए झालेल्या, एमएस-सीआयटी केलेलं, लहान मुलगी बालवाडीत. सोमवार ते शनिवार दुपारी दोन तास खोली उघडणार. मानधन महिना ६,०००. हे पैसे कुठून आणायचे हाच गेल्या दोन महिन्यांतला खरा प्रश्न होता.

एका कंपनीच्या सीएसआर विभागाला भेटलो होतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे, शिक्षण त्यात बसतं. माणसं चांगली होती, बोलणंही आपुलकीचं. पण त्यांच्या अर्जात साधनांना जागा होती, लाभार्थ्यांच्या संख्येला होती, उद्घाटनाच्या फोटोला होती. रोज खोली उघडणाऱ्या माणसाच्या पगाराला नव्हती. ‘आवर्ती खर्च आमच्याकडे बसत नाही.’ मी दोनदा समजावलं की पहिल्या पाटीखालचे सहा संगणक याच एका कारणाने झोपले होते. त्यांना आणखी २० टॅब द्यायचे होते. मी नको म्हणालो. गटातल्या काहींना ते आवडलं नाही, त्यांची नाराजी मला समजते.

मग ओळखीतल्या ३० जणांना फोन केले. प्रत्येकी महिना २०० रुपये, वर्षभर. ३० झाले तेव्हा थांबलो. त्यातले अकरा जण याच तालुक्यातले, पुण्यात ड्रायव्हर, सिक्युरिटी, एक जण रिक्षावाला.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. आज सगळ्या तुकड्यांनी टक्सपेंटवर बैल काढले. क्रमांक ४१ च्या बैलाला झूल नाही, शिंगांना रंग नाही. विचारलं तर म्हणाला, आमचे विकले. मी पुढे काही विचारलं नाही.

हाताचे तास, आजपर्यंत सरासरी सव्वासहा. जूनमध्ये सगळा हिशेब अर्ध्या तासावर होता. हे ताईंचं काम आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

आजच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहायचंय.

सातवी-आठवीला लिबरऑफिसचं कॅल्क, म्हणजे रकान्यांत हिशेब मांडायचा प्रोग्रॅम. पुस्तकात दुकानाचं बिल असतं, वही पेन्सिल खोडरबर. ताई म्हणाल्या, या मुलांच्या घरातला हिशेब घेऊ की. त्यांनी मथळे फळ्यावर लिहिले, उचल, टनाचा दर, रोजचे टन, दिवस. वर्गात एकदम शांतता झाली आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. उचल म्हणजे काय हे या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुकादम हंगामाआधी पैसे देतो, ते कोयत्याने फेडायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको.

क्रमांक २३ ने आकडे वडिलांना विचारून आणले होते. गेल्या वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे २०२४ च्या, ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तिच्या वहीत टनाला ३६६ होते. उचल १,००,०००. दिवसाला दोन टन. तिने सूत्र लिहिलं, उचल भागिले दर भागिले रोजचे टन. उत्तर १३६.६.

‘पॉइंट सहा दिवस म्हणजे?’ शेजारच्या मुलाने विचारलं. ती म्हणाली, ‘म्हणजे दुपारपर्यंत.’

मग ताईंनी दाखवलं की तारखेत दिवस मिळवले की पुढची तारीख येते. त्यांनी हंगाम १ नोव्हेंबरला धरला. आली १७ मार्च. एकही खाडा न करता, कुणी आजारी न पडता, गाडीची वाट न बघता. ती पडद्याकडे बघत बसली. मग स्वतःहून दोन पुसून दीड केलं. आली २ मे.

‘तोवर कारखान्याचा पट्टा पडतो,’ ती म्हणाली, म्हणजे हंगाम संपतो. ‘मग पुढच्या वर्षावर जातं.’

फाईलला नाव दिलं ‘उचल’. घंटा झाली तरी शेजारच्या मुलाने खुर्ची मागितली नाही. मी पाचवीत असताना फडात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होतो आणि आमची उचल कधी फिटली नाही, एवढंच मला ठाऊक होतं. का फिटत नाही, ते आज एका बारा वर्षांच्या मुलीने माझ्यासमोर दोन मिनिटांत काढलं. घरी परतताना पाथर्डीपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

मराठवाड्यात अतिवृष्टी. सिंदफणेला पूर, गेल्या शनिवारी येताच आलं नाही. आज आलो तर अर्धा रस्ता वाहून गेलेला.

खोलीत पत्र्याच्या सांध्यातून गळलं. ताईंनी आणि मुलांनी पावसातच सगळी मशिनं टेबलावर टेबल चढवून वर ठेवली, ताडपत्री घातली. दोन कीबोर्ड आणि एक मॉनिटर गेला, बाकी शाबूत. चार मशिनं गाठीशी ठेवली होती ती याचसाठी.

संगणकांचं हे एवढंच. गावाचं जास्त गेलंय. सोयाबीन पाण्यात, कपाशी काळी पडली, ओढ्याकाठच्यांची जमीनच खरडून गेली. चहाच्या टपरीवर ऐकलं, औंदा उचल जास्त घ्यावी लागणार, आणि पोरांनाही न्यावं लागणार. जी घरं गेल्या वर्षी एकट्या माणसाला पाठवत होती तीही यंदा अख्खी जाणार. वर्गातली पटसंख्या पावसावर ठरते, हे पुण्यात बसून कळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. पुणे

विंडोज १० ची मुदत आज संपली. गेल्या दहा दिवसांत संगणक देऊ करणारे पाच फोन आले. एका ठिकाणी ४० मशिनं आहेत. ती घेऊन कुठे ठेवणार? दुसऱ्या गावात खोली आहे, अर्थिंग नाही आणि ताई नाही. त्यांना सांगितलं, दहा घेतो, आणि त्या गावातल्या एका माणसाचं वर्षाचं मानधन द्या, ७२,०००. विचार करून कळवतो म्हणाले. उरलेली कुणी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे दिली तरी चालेल. शाळांच्या कपाटात कव्हर घालून ठेवण्यापेक्षा ते बरं.

२ नोव्हेंबर, रविवार

काल आणि आज गाड्या भरल्या. ट्रॅक्टरमध्ये पत्रे, ताडपत्री, पिठाची पोती, भांडी, शेळ्या, कोंबड्यांची डालगी, आणि त्यावर मुलं. ६१ पैकी २४ निघाली. ३७ राहिली, काही आजी-आजोबांकडे, काहींची सोय हंगामी वसतिगृह योजनेत गावातच होईल. त्यांच्यासाठी खोली संध्याकाळीही उघडायची असं ताईंनी ठरवलं.

क्रमांक २३ जाणार हे आठ दिवसांपूर्वी कळलं. तिच्या वडिलांशी बोलायला गेलो होतो. मला ओळखतात, माझ्या वडिलांबरोबर एका टोळीत होते. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, ‘भाऊ, तू सांगतो ते पटतंय. पण आम्ही दोघं फडात उतरल्यावर बाळाला कोण बघंल? कोपीत एकटं ठेवू का त्याला?’ भाऊ आठ महिन्यांचा आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आग्रह करण्याचा मला हक्क नव्हता. पाळणाघराची सोय फडावर झाली तरच ही मुलगी शाळेत राहील, आणि ती सोय आमच्या खोलीच्या हातात नाही.

गटातल्या एकाने पेनड्राइव्ह द्यायचा सुचवला. फाईल देऊन काय करणार, उघडणार कशावर? ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात आहे की ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या दहापैकी जवळपास नऊ मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. इथेही आहे, आईच्या फोनची काच तडकलेली, पण चालतो. त्यावर इनस्क्रिप्ट मांडणीचा मराठी कीबोर्ड टाकून दिला. तिने हातात घेतला, ‘कोयता’ लिहिलं, मात्रा कुठे आहेत ते बघून घेतलं. बोटं तीच, जागा लहान. ताईंचा नंबर ‘संगणक ताई’ म्हणून स्वतः टाइप करून ठेवला.

वडिलांनी यंदा उचल १,२०,००० घेतली आहे. जायच्या आधी तिने खोलीत येऊन तो एक आकडा बदलला. म्हणाली, ‘बाकी तिकडून सांगते.’

२२ नोव्हेंबर, शनिवार

मागे राहिलेल्या मुलांचे हाताचे तास वाढले आहेत, आठवड्याला जवळजवळ तीन. मशिनं तेवढीच, मुलं कमी. असं वाढलेलं मला नको होतं.

संध्याकाळच्या तुकडीत वसतिगृहातली १४ मुलं. घरची आठवण याच वेळेला येते, असं ताई म्हणतात. त्यांनी पत्रं लिहायला लावली. मुलं टाइप करतात, ताई फोटो काढून ज्याच्या त्याच्या आईवडिलांच्या फोनवर पाठवतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना टोळीतलं कुणीतरी वाचून दाखवतं. क्रमांक ४१ च्या पत्रात एवढंच आहे : ‘आई मी जेवतो. दुसऱ्या मुलांबरोबर झोपतो. थंडी आहे. तू स्वेटर घाल.’ ‘दुसऱ्या’ बरोबर लिहिलंय.

आणायचं : उंदरांसाठी वायरींवर घालायला पाइप, सीआर २०३२ चे दहा सेल, एक मॉनिटर. बॅटरीचं पाणी ताई बघतात.

१४ डिसेंबर, रविवार

गेल्या महिन्यात ताईंच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका फडावरून, मुकादमाच्या मुलाच्या फोनने. आईच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं.

‘ताई मही फाईल हाय ना’

ताईंनी पडद्याचा फोटो काढून पाठवला. तेव्हापासून दर आठवड्याला एक आकडा येतो. वडील संध्याकाळी कारखान्याच्या पावत्या दाखवतात, ती बेरीज करते आणि पाठवते. ताई तिच्या फाईलमध्ये भरतात. एक प्रत दुसऱ्या मशिनवर आहे, एक माझ्याकडे पुण्यात.

आज मी स्वतः भरायला बसलो. ३ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर, ४१ दिवस, ६६ टन. दिवसाला १.६. मध्ये तीन दिवस आई तापाने झोपून होती, तेही तिने कळवलं होतं. १,२०,००० ला ३६६ ने भागलं की ३२७.९ टन. उरले २६१.९. याच वेगाने तारीख आली २४ मे.

ताई आणि मी दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. तिला हे कळवायचं का? मी म्हणत होतो, नको, तिथे आणखी ओझं कशाला. ताईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, ‘सूत्र तिनं लिहिलंय. उत्तर तिचं आहे.’ पाठवलं.

तासाभराने उत्तर आलं. सगळं देवनागरीत, पूर्णविरामासकट.

‘आठवड्याला १२ टन टाकून बघा ताई.’

टाकलं. १४ मे आली. तेही पाठवलं.